मार्फत काढलेलं तिकीट

मागच्या महिन्यात बंगळूरला लेकाकडे जायचं ठरलं. नात सुट्टीवर आली होती. ती माझ्या पलंगावर मांडी घालून बसली आणि फोनवर माझं तिकीट काढायला लागली. मी चष्मा लावून तिच्या खांद्यावरून बघत होते. वर विमानकंपनीचं नाव नव्हतं, कुठल्या तरी तिसऱ्याच दुकानाचं होतं.

"हे कोण?" मी विचारलं.

"साइट आहे आजी. सगळ्या कंपन्यांची तिकिटं इथेच मिळतात. डिस्काउंट पण देतायत."

"म्हणजे एजंट."

"एजंट नाही गं! फ्लाइट तीच, सीट तीच. फ़र्क़ क्या पड़ता है?"

"पडतो. कंपनीच्या खिडकीवर जा."

"खिडकी?" ती हसत सुटली. "आजी, आता खिडकी कुठे असते!"

इथे ग्वाल्हेरला, हरिशंकरपुरममध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर एक जोडपं राहतं. त्यांचं विमान ऐनवेळी बदललं, तेव्हा कंपनी म्हणाली साइटला विचारा, आणि साइट म्हणाली कंपनीला विचारा. तीन दिवस ते दोघं फोन कानाला लावून जिन्यात येरझारा घालत होते. मी नातीला ते सांगितलं. तिने शेवटी कंपनीच्या पानावरून तिकीट काढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारी हट्टाला पेटली की कोणाचं ऐकत नाही. हट्ट नव्हता तो. माझे तळहात गार पडले होते. मध्ये तिसरा माणूस आला की ते आजही गार पडतात, आणि का पडतात ते मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, खासगी बाजारात, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो: आई, बाबा आणि मी. आजोबा दरबारच्या दफ्तरात होते, बाबाही तिथेच चिकटले. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं राज्य झालं. बाबांची खुर्ची तीच राहिली, कागदावरचा शिक्का तेवढा बदलला. छप्पन साली मध्य भारतही मोडला, राजधानी भोपाळला निघाली, आणि या वेळी खुर्चीसकट जायचं होतं. कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही, याच्या याद्या लागत होत्या. दिवाळी आणि ते सगळं एकदमच आलं. फराळाऐवजी घराघरांत पेट्या बांधल्या जात होत्या.

आमच्यासारख्या दरबारी घरांची एक रीत होती. काही हवं असेल तर आपल्या तोंडाने मागायचं नाही. आजोबांनी म्हणे स्वतःच्या रजेचा अर्जसुद्धा कधी स्वतः नेऊन दिला नाही. मागणं जायचं ते कोणाच्या तरी मार्फत. थेट जाऊन मागतो तो उपरा, ज्याची ओळख नाही तो. ताकाला जाऊन भांडं लपवणं याला बाकीचं जग हसतं, आमच्या घरात ती शिस्त होती.

घरातही तेच. बाबा माझ्यासमोर आईशी सरळ बोलत नसत. दोन खोल्या, मध्ये उघडं दार, आई चार हातांवर बसलेली, आणि बाबा मला म्हणायचे, "आईला विचार, भाजी काय आणू." आई म्हणायची, "त्यांना सांग, कालच सांगितलंय, कान देऊन ऐकत जा." मी दारात उभी राहून सांगायची, "दोडकी म्हणत्येय." मला ते काम आवडायचं. तिकडचा तिखटपणा काढून इकडे पोचवायचा, इकडची कुरकुर गाळून तिकडे द्यायची. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

आईचा उजवा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेला होता. डाव्या डोळ्यावर ती सगळं करायची, सुईत दोरासुद्धा ओवायची. एका सकाळी तांदूळ निवडताना तिने मान वर केली आणि विचारलं, "वरून कोणी काळं फडकं सोडलंय का गं?"

मी वर पाहिलं. काहीच नव्हतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग ते बाबांना म्हणाले, "डोळ्याच्या आतला पडदा सुटत चाललाय. ओल आलेल्या भिंतीवरचा रंग सुटतो ना, तसा. जितका सुटेल तितकी नजर जाईल. मध्यापर्यंत पोचला की संपलं." मुंबईला एक सर्जन हे ऑपरेशन करत होते. डॉक्टरांनी त्यांच्या नावे पत्र लिहून दिलं, आईच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि उताणं पडून राहायला सांगितलं. पट्टी दिवसातून एकदाच सोडायची, सकाळी, औषधाचे थेंब घालायला. "आगगाडीचे धक्के नकोत. आपल्याकडून विमान जातं ना मुंबईला, त्याने न्या. आणि लवकर न्या."

लवकर म्हणजे किती लवकर, ते बाबांनी विचारलं नाही. डॉक्टरांना असं थेट विचारणं त्यांना बरं दिसलं नसतं.

मुंबईला मामा होता, त्याला तार गेली. बाबांना भोपाळला हजर व्हायचा हुकूम त्याच आठवड्यातला होता, म्हणून आईबरोबर मी जायचं ठरलं. विमानात आमच्या सात पिढ्यांत कोणी बसलं नव्हतं. त्या काळी आमच्या गल्लीत विमान म्हणजे गच्चीवर धावत जाऊन बघायची गोष्ट. मला विमानाची भीती वाटत होती, मुंबईची वाटत होती, आणि आईला जिन्यावरून धरून उतरवायचीसुद्धा वाटत होती.

विमानकंपनीचं ऑफिस गावातच होतं. बाबा कचेरीत जाता-येता त्याच्या समोरून जायचे. काचेचं दार, आत एक खिडकी, खिडकीत एक बाबू. पण बाबा तिथे गेले नाहीत. ते मला घेऊन नई सडकेवरच्या एका दुकानात गेले. दुकान घड्याळं आणि फाउंटन पेनं यांचं, दारावर मात्र विमानाचं चित्र असलेली पाटी. दुकानदार आमच्यापैकीच, जुन्या सरदारांच्या कारभाऱ्याचा मुलगा. पूर्वी एका खाजगी विमानकंपनीची एजन्सी त्याच्याकडे होती. पुढे सरकारने सगळ्या कंपन्या एकत्र करून एकच केली, तरी पाटी तशीच होती.

"रावसाहेब, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? निरोप पाठवायचा," तो म्हणाला आणि त्याने आधी चहा मागवला. चहा येईपर्यंत भोपाळच्या याद्यांची चौकशी झाली. मग बाबांनी घसा साफ केला. "घरात जरा तब्येत ठीक नसते," ते म्हणाले. "मुंबईपर्यंत जाण्याचा विचार चाललाय. योग आलाच, तर विमानाने."

मी बाबांकडे बघत राहिले. आईचा एकुलता एक डोळा जात होता आणि बाबा योग आला तर म्हणत होते. पण मी गप्प बसले. मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही, हीही शिस्तच.

"मंगळवारच्या विमानाला दोन जागा. समजा झाल्याच," दुकानदार म्हणाला. "डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर द्या, वरून जोर लावता येतो." बाबांनी सर्जनच्या नावाचं पत्र काढून त्याच्या हातात दिलं.

घरी येताना कंपनीच्या काचेच्या दारासमोर मी म्हणाले, "बाबा, इथेच विचारायचं का?"

"खिडकीवर रांगेत उभं राहायचं आपण? तो बाबू ओळखतो का आपल्याला? आपला माणूस आहे ना तिथे." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मला खरंच समजावून सांगत होते ते.

थेंब घालायचं काम माझं होतं. सकाळी मी आईला उशांना टेकवून बसवायची, पट्टी सोडायची, आणि ती समोरच्या दाराकडे बघायची. दाराच्या चौकटीवर गणेशपट्टी होती, तिच्या खाली वरचा अडसर, मग मधली कडी, आणि तळाशी उंबरठा. पहिल्या सकाळी आई म्हणाली, "गणपती दिसत नाहीये." तेवढंच. मी थेंब घातले. अर्धे गालावर पडले.

बाहेरच्या खोलीत बाबा जोडे घालत होते. "आईला विचार, कसं वाटतंय."

"गणेशपट्टी दिसत नाही म्हणत्येय," मी सांगितलं. बाबा खाली वाकले होते ते तसेच थोडा वेळ वाकलेले राहिले. त्या दिवशी ते दुकानावर दोनदा गेले.

सोमवारी दुकानातून निरोप आला: मंगळवारचं जमत नाही, गुरुवारचं नक्की. बाबांनी त्या दिवशी ताटातलं अन्न तसंच ठेवलं. भोपाळच्या हुकमात त्यांचं नाव होतं, पण कुठल्या पदावर, ते लिहिलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी पट्टी सोडली. आईने दाराकडे पाहिलं, मग डोळा मिटला, पुन्हा उघडला.

"अडसर?" मी विचारलं.

"नाही."

"कडी?"

"कडीचा खालचा भाग दिसतोय. वरचा नाही." तिने चाचपत माझं मनगट पकडलं. तिची बोटं बर्फासारखी होती. "हे बघ, त्यांना काही बोलू नकोस. काल जेवले नाहीत. आधीच घाबरलेत ते. गुरुवारी जातोच आहोत आपण."

बाहेरून बाबांचा आवाज आला, "आईला विचार, कसं आहे आज."

मी दारात गेले. त्या कडीला माझी पाठ टेकली होती, अजून आठवतं. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला इतकी भीती दिसली, की आईने सांगितलं नसतं तरी माझ्याने खरं बोलवलं नसतं. "कालच्याइतकंच," मी म्हणाले. "फरक नाही."

बाबांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. "देव पावला. मग गुरुवार चालेल," ते म्हणाले आणि कचेरीत पेट्या बांधायला निघून गेले.

बुधवारी मी तेच केलं. बुधवारी कडीही दिसत नव्हती.

ते दोन दिवस मला झोप अशी लागली नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण माझा ब्रह्मराक्षस खरा होता, दाराच्या चौकटीवरून रोज एक वीत खाली उतरत होता, आणि तो कुठवर आलाय हे फक्त आईला आणि मला माहीत होतं. मी स्वतःला समजावत होते की सांगून काय फरक पडणार, तिकीट तर झालेलंच आहे. दुकानदाराने स्वतःच्या कागदावर लिहून दिलं होतं: दोन जागा पक्क्या. खाली सही, आणि सहीच्या खाली विमानाचं चित्र.

गुरुवारी मोटार वेळेवर आली. ती बाबांनी कचेरीतल्या एकांच्या मार्फत मिळवली होती. मार्फतीने कधीच काही होत नाही असं मी म्हणणार नाही. सकाळी थेंब घालताना आई दाराकडे बघून काहीच बोलली नाही, आणि मीही विचारलं नाही. आईचं डोकं मांडीवर घेऊन मी मागे बसले, आणि महाराजपूरच्या हवाईअड्ड्यापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला ते दोन्ही हातांनी धरून ठेवत होते.

त्या वेळी तिथे एक छोटी इमारत, मोकळं माळरान आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी पिशवी, एवढंच होतं. आत वजनाचा मोठा काटा होता. सामानाबरोबर माणसांचंही वजन करत. टेबलामागे पांढऱ्या गणवेशातले एक अधिकारी यादी घेऊन बसले होते. बाबांनी दुकानदाराचा कागद दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा वरून खाली. "ये नाम नहीं हैं," ते म्हणाले.

मी वाकून ती यादी उलटीच वाचायला लागले.

बाबा हसले. फार वाईट हसू होतं ते. "हुजूर, एक दफ़ा और देख लेने की ज़हमत..."

"नहीं हैं, साहब. ये किसका काग़ज़ है?" त्यांनी सही वाचली. "अच्छा, ये. इनकी एजेंसी तो कंपनियाँ मिलीं तभी से नहीं रही. ये दिल्ली के किसी एजेंट से मँगवाते हैं, वो आगे किसी और से कहता है. हमारे पास तो कुछ पहुँचा ही नहीं." मग त्यांनी मान वर केली. त्यांना खरंच आश्चर्य वाटत होतं. "मंगल को चार सीटें ख़ाली गई हैं. आप शहर में हमारी खिड़की पर क्यों नहीं आए?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार जागा. मंगळवारी सकाळी कडीचा खालचा भाग दिसत होता.

तेवढ्यात विमानाचा आवाज आला. दिल्लीहून येऊन, थोडं थांबून ते पुढे भोपाळ, इंदूर करत मुंबईला जायचं. बाहेर धूळ उडाली, लोक उठले. अधिकाऱ्यांनी सांगितलं की एक उतारू इथे उतरतोय, म्हणून एक जागा होते. पण ती जागा मागणारे एक गृहस्थ पहाटेपासून बसले आहेत. आजारी माणसाला आधी देता येईल, डॉक्टरांचं पत्र हवं.

पत्र नई सडकेवर घड्याळाच्या दुकानात होतं. किंवा दिल्लीला कोणाच्या खणात. कुठे होतं, देव जाणे.

"हुजूर, अगर मुनासिब समझें," बाबांनी सुरुवात केली, "अर्ज़ ये है कि घर में कुछ अर्से से..." आणि ते अडकले. आयुष्यभर त्यांनी मागणं गुंडाळूनच केलं होतं. उघडं करायची वेळ आली तेव्हा त्यांना गाठच सापडेना. ते माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "तू सांग त्यांना."

मी तोंड उघडलं. बाहेर विमानाचे पंखे गरगरत होते, ते गृहस्थ आपली बॅग उचलून टेबलाशी येत होते, आणि मी बाबांसारखीच उभी राहिले.

"भैया." आईचा आवाज होता. ती बाकावरून उठली होती, एक हात पुढे चाचपत. पट्टीवरून पदर कपाळापर्यंत ओढलेला. आई परक्या पुरुषाशी बोललेली मी तोवर ऐकली नव्हती. ती टेबलाच्या दिशेने, थोडी चुकीच्या बाजूला तोंड करून, बोलली. "भैया, मेरी एक ही आँख है. दूसरी बचपन में गई. ये भी जा रही है. मंगल को दरवाज़े की आधी कुंडी दिखती थी. कल वो भी नहीं दिखी. आज सिर्फ़ देहरी दिखी. देहरी के नीचे और कुछ नहीं है, भैया. मुझे आज जाना है."

बॅग घेतलेल्या गृहस्थांनी बॅग खाली ठेवली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या नजरेबद्दल मी पुष्कळ वर्षं विचार केलाय. राग असता तर मी सोसला असता. ते फक्त हिशोब जुळवत होते: मंगळवार, कालच्याइतकंच, फरक नाही. आणि त्यांना कळलं, आणि मलाही कळलं की त्यांना कळलं. मंगळवारी मी खरं सांगितलं असतं तर ते खिडकीवर गेले असते का? मी आजपर्यंत स्वतःला सांगत आल्येय की नसते गेले. पण गणेशपट्टीचं ऐकून ते दुकानावर दोनदा गेले होते, हेही मला माहीत आहे.

जागा एकच होती. म्हणजे आईला एकटीने जायचं होतं. अधिकाऱ्यांनी स्वतः तिला काट्यावर उभं केलं. वजन लिहून घेतलं, मुंबईला मामाला ओळखण्यासाठी खूण विचारली, आणि भराभर तिकीट फाडलं. विमानातली एक मुलगी आईचा हात धरायला आली.

"कसं आहे गं विमान?" आईने मला विचारलं.

"मोठं आहे," मी म्हणाले. "चांदीसारखं आहे." खरं तर मला डोळ्यांतल्या पाण्याने काही दिसत नव्हतं.

ती शिडी चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत होती, लहान मूल चढतं तशी. वर पोचल्यावर तिने मागे वळून हात हलवला, पण आम्ही उभे होतो त्याच्या भलत्याच बाजूला, पेट्रोलच्या टाकीकडे. आम्ही दोघांनीही तिकडे हात हलवला.

परतताना मोटारीत बाबा पुढे बसले आणि मी मागे. मी ओरडा खायची वाट बघत होते. तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही. मग बाबा भोपाळला गेले, आणि माझ्या सोबतीला आत्या राहायला आली. मामाची तार आली, ऑपरेशन झालं, प्रकृती बरी. डोळ्याबद्दल तारेत शब्द नव्हता. त्या काळी ऑपरेशननंतर डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून आठवडेच्या आठवडे निजवून ठेवत. मी रोज सकाळी पलंगावर उशांना टेकून बसायची, आईसारखी, आणि एक डोळा झाकून दाराकडे बघायची. गणपती, अडसर, कडी, उंबरठा. मला सगळं दिसायचं, आणि मी पुन्हा वरून सुरुवात करायची.

आई परत आली तेव्हा थंडी संपत आली होती. मामा पोचवायला आला होता. त्याने जिन्यातच बाबांना हळूच सांगितलं, मी वरच्या पायरीवर होते म्हणून ऐकलं. पडदा पुन्हा बसवला, पण सगळा नाही. वरची अर्धी नजर परत आली नाही, खालची अर्धी वाचली. सर्जन म्हणाले, दोनच दिवस आधी आणलं असतं तर.

बाबा भोपाळहून दोन दिवसांची रजा काढून आले होते. आई पलंगावर बसली होती, समोर दार. तिने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाबा आले आणि उंबरठ्यावरच थांबले. मग त्यांनी नेहमीसारखं माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज फाटला होता.

"आईला विचार," ते म्हणाले, "किती दिसतं."

माझे तळहात गार पडले. मी आईकडे वळले. विचारायला तोंड उघडलं, आणि मला कळेना की ती जे सांगेल ते मी बाबांना कसं सांगणार.

"तिला नका विचारू," आई म्हणाली. "मी इथे बसल्येय. मला विचारा."

खाली बाजारात कोणी तरी पितळी भांडं आपटलं. बाबांनी चौकटीला हात टेकला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि ते माझ्यासमोर पहिल्यांदा तिच्याशी बोलत होते.

"किती दिसतं?" त्यांनी विचारलं.

"तुमचे पाय दिसतात. उंबरठा दिसतो," आई म्हणाली. "तोंड बघायचं तर मान वर करावी लागते."

आणि तिने मान वर केली. बाबांनी मान खाली घातली नाही. ती त्यांना नीट बघून होईपर्यंत ते दारात तसेच उभे राहिले.